विठोजीचा ताग

विठोजी मोहिते दुधाच्या पातेल्यात बोट बुडवून बघायचा. ते गरम आहे का म्हणून नव्हे, पाणी किती आहे म्हणून. रिक्षात बसला की मीटरऐवजी रिक्षावाल्याच्या मानेकडे बघायचा. लबाडी आधी मानेत दिसते असं त्याचं ठाम मत होतं. देवळात तीर्थ घेतानासुद्धा पुजाऱ्याने शेजारच्याला जास्त दिलं का, हे त्याच्या नजरेतून सुटत नसे. अशा माणसाला लोक काही सांगत नाहीत. आणि लोक काही सांगत नाहीत म्हणून तो आणखी संशय घेतो. विठोजीचं आयुष्य या रहाटगाडग्यात मजेत चाललं होतं. मजेत म्हणजे त्याचं. घरच्यांचं विचारू नका.

बंगळुरात शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, एका बाजूला पंक्चर काढणारा आणि दुसऱ्या बाजूला लग्नकार्याला स्वयंपाकाच्या मोठ्या डेगा भाड्याने देणारा, यांच्या मधे त्याचं दुकान होतं. मोहित्यांचं घराणं कुठल्याशा जुन्या फौजेबरोबर या मुलखात आलं. फौज परत गेली, मोहिते राहिले. का राहिले असं विचारलं तर विठोजी सांगे, ‘परत जाणाऱ्यांवर आमच्या मूळ पुरुषाचा इश्वास नव्हता.’ घरात मराठी, दारात कन्नड, डेगवाल्याशी उर्दू, अशा तिन्ही भाषांत तो सारख्याच सफाईने संशय घेई.

धंदा क्रिकेटच्या बॅटचा, आणि त्यातही फक्त मुठीचा. बॅट काश्मीरची असो की मीरतची, मूठ सैल झाली किंवा पिचली की खेळाडू ती विठोजीकडे आणत. वेताच्या कांड्या तासायच्या, त्यांच्या मधे बुचाचे पातळ पत्रे घालायचे आणि सगळं सरसाने चिकटवून शिकंज्यात आवळायचं, एवढं त्या धंद्यातल्या कुणालाही येतं. विठोजीच्या बापाने त्यात एक भर घातली होती. तो बुचाच्या दोन पत्र्यांमधे तागाच्या दोऱ्यांचा एक थर द्यायचा. बूच दणका पिऊन टाकतं आणि ताग बुचाला फाटू देत नाही. त्या मुठीने कितीही वेगाचा चेंडू अडवला तरी हाताला झिणझिण्या येत नसत. इतरांनी नक्कल करून पाहिली. त्यांचे थर सुटायचे आणि गिऱ्हाईक पुन्हा मोहित्यांच्या दारात यायचं.

गोम तागाच्या धुण्यात होती. ताग मुळात मेणचट. तो सरस धरत नाही. म्हणून मोहिते तो चुन्याच्या निवळीत भिजवत. निवळी पातळ हवी, ताग तिच्यात एकच रात्र राहायला हवा, आणि मग तो चिंचेच्या कोळात खळखळून धुवायला हवा. चिंच चुन्याला मारते. नाही मारलं तर चुना तागाच्या अंगात बसून राहतो आणि त्याला आतून खात सुटतो. वरून ताग पांढराशुभ्र, रेशमासारखा मऊ. दीड-दोन महिन्यांनी बघावं तर चिमटीत पीठ. हे सगळं विठोजी दुकानाचं शटर अर्धं ओढून करायचा आणि त्यासाठी घरची चिंच डब्यातून लपवून न्यायचा. सांबाराला चिंच शिल्लक नाही म्हणून त्याची बायको रत्नाबाई ओरडली की म्हणायचा, ‘उंदीर नेत असतील.’ बंगळुरात चिंच खाणारे उंदीर फक्त आपल्याच घरात कसे, हे रत्नाबाईने विचारायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एक बाई दुकानात आली. तिशीची, पंजाबी ड्रेस, खांद्यावर झोळी, आणि मराठी अगदी पुण्याची.

‘काका, हे बुचाचे तुकडे तुम्ही टाकून देता? मी घेऊ का?’

विठोजीने हातातला रंधा खाली ठेवला. ‘कशाला पायजे?’

‘असंच. थोडं एक्स्पेरिमेंट करायचंय.’

असंच कुणी काही करत नाही, हे विठोजीला पन्नास वर्षांच्या आयुष्यात पक्कं कळलेलं होतं. त्याने तिला बसायला स्टूल दिलं, म्हणजे नीट न्याहाळता येईल. बाईचं नाव मैत्रेयी. नवरा कंप्यूटरच्या कंपनीत, बदलीवर आलेला. घर लांब, मारतहळ्ळीला. लग्नाआधी ती पुण्याजवळच्या एका फायबरच्या कारखान्यात होती. काचेचं कापड आणि रेझिन वापरून टाक्या, होड्या, असलं काय काय तिथे व्हायचं. आता तिला काचेऐवजी ताग घालून बघायचा होता.

‘काच फुटली की तिची कुसळं होतात, काका. अंगाजवळ वापरायच्या वस्तूला नको वाटतं. ताग आणि बूच एकत्र आलं तर हलकंही होईल आणि मारही सोसेल. पण माझा ताग रेझिन धरतच नाही. तुमचा कसा धरतो?’

‘वस्तू कसली म्हणायची?’

‘खेळाचीच. झाली की दाखवीन ना.’ आणि ती दुसरीकडे बघायला लागली.

विठोजीच्या मनात पाल चुकचुकली. बाईने नजर चोरली होती, यात शंका नव्हती. शिवाजीनगरात खेळाच्या सामानाची एवढी दुकानं असताना ही नेमकी इथेच कशी आली? बापाने राखलेली विद्या कुणीतरी हिच्याकरवी चोरायला बसलंय. पुण्याचं कोणी असेल, जालंधरच्या बॅटवाल्यांपैकी असेल, मागे कंपनी असेल. त्याने तिला बुचाचे तुकडे दिले. ती पुन्हा आली, तेव्हा वेताचे छिलके दिले. तिसऱ्या खेपेला तिने पुन्हा तागाचं विचारलं आणि विठोजीने ठरवलं की हिला एकदाचं सांगून टाकायचं.

त्याने सांगितलं ते असं: चुना चांगला दाट कालवायचा, गंधासारखा. ताग त्यात तीन-चार दिवस बुडवून ठेवायचा. काढायचा, नुसता पिळायचा आणि उन्हात वाळवायचा.

‘धुवायचा नाही?’

‘छे! धुतला तर गुण जातो की सगळा.’

मैत्रेयीने तीनतीनदा आभार मानले. ती गेल्यावर विठोजीने डेगवाल्याकडून चहा मागवला आणि बशीत ओतून सावकाश प्यायला. आपण खोटं काही बोललोच नाही असं त्याला वाटत होतं. चुना खराच होता, ताग खराच होता. फक्त चिंच तेवढी आपल्या पोटात राहिली. आता काय करायचं ते करा म्हणावं. माल चांगला दिसेल, विकाल, आणि दोन महिन्यांनी लोक तुमच्या दारात येऊन तुमचीच टोपी उडवतील. इतकं गाढ समाधान त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

पावसाळा सुरू झाल्यावर मैत्रेयी म्हैसूरपाकाचा पुडा घेऊन आली. ‘काका, जमलं! काय पकड आहे! चेंडू मारून बघितला, ओरखडासुद्धा नाही.’ विठोजीने म्हैसूरपाक हुंगला आणि पंक्चरवाल्याला आधी एक तुकडा देऊन, त्याला काही होत नाही हे बघून मग स्वतः खाल्ला. वस्तू काय ते बाईने याही वेळी सांगितलं नाही.

आणि नेमकं तेव्हाच घरात काहीतरी शिजतंय असं त्याला दिसायला लागलं. त्याला एकच मुलगी, चंदना. कॉलेजात होती, हॉकी खेळायची. खेळायला त्याची ना नव्हती, पण एक अट त्याने घातली होती: गोलात उभं राहायचं नाही. त्याचा चुलतभाऊ कृष्णात तरुणपणी गोलकीपर होता, आणि एका दुपारी चेंडू त्याच्या तोंडावर असा बसला की पुढचे दात आणि एका डोळ्याची नजर दोन्ही गेली. विठोजीने त्याला मैदानावरून खांद्यावर घालून आणलं होतं. चंदना म्हणाली होती, ‘मी डावीकडून पळते, अप्पा. गोलाजवळ जात पण नाही.’ आता तीच चंदना एका संध्याकाळी घरी आली तर तिच्या कानामागे आणि केसांच्या कडेला पांढरं काहीतरी वाळलेलं.

‘काय गे हे?’

‘खडू असेल.’

खडू कानामागे कसा जातो? तो खोलीत आला की मायलेकींचं बोलणं थांबायचं. दीड-दोन महिन्यांनी एकदा त्याने चंदनाला कोपऱ्यावर एका कायनेटिक स्कूटरवरून उतरताना बघितलं, आणि गाडी चालवणारीने हेल्मेट काढून केस झटकले तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन हलली. ती मैत्रेयी होती.

मग सगळं त्याच्या डोक्यात धडाधड जुळत गेलं. बाई लबाड! आपल्याकडून अर्धीच विद्या मिळाली हे तिला कळलं असणार, म्हणून तिने पोरीला फितवलं. घरातलीच फितुरी! त्याने रत्नाबाईला स्वयंपाकघरात गाठलं.

‘चिंच कुठं जाते ते तू कुणाला सांगितलीस काय?’

‘उंदीर नेत्यात की,’ रत्नाबाई कणीक मळता मळता म्हणाली.

‘चेष्टा नको. ती मारतहळ्ळीची बाई आपल्या चंदनाला कशाला भेटते?’

रत्नाबाईचे हात थांबले. ‘तुमी पोरीलाच विचारा की सरळ. विचारायचं सोडून तुमी नुसते वास घेत फिरता.’ पण तिनेही नजर चुकवली, आणि ते विठोजीला पुरेसं होतं.

शनिवारी दुकान बंद ठेवून त्याने मारतहळ्ळीची बस धरली. तिकडे तेव्हा शहर नुकतंच हातपाय पसरत होतं. नाचणीच्या शेतांना लागून नवी घरं उभी राहत होती, आणि डोक्यावरून विमानं एवढी खालून जात की बोलणाऱ्याला मधेच थांबावं लागे. विचारत विचारत त्याने घर शोधलं. पुढच्या दाराने जाणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो मागच्या अंगाने गेला. तिथे पत्र्याची शेड होती, दार उघडं होतं आणि आतून डोकं चढवणारा रेझिनचा वास येत होता. आत कुणी नव्हतं. टेबलावर ताग, बुचाचे पत्रे, ब्रश, आणि मधोमध, वर तोंड करून, त्याच्या मुलीचा चेहरा.

प्लास्टरचा, पांढराफटक. डोळे मिटलेले, ओठ घट्ट. लहानपणी दुकानात शिकंज्याचा दांडा लागून चंदनाच्या उजव्या भुवईत खाच पडली होती, तीसुद्धा होती. मेलेल्या माणसाचा चेहरा असा दिसतो, हे त्याच्या मनात आलं आणि ते त्याला काही केल्या काढून टाकता येईना. करणी, फसवाफसवी, पोरीला पळवून नेण्याचा बेत, काय काय त्याच्या डोक्यात येऊन गेलं.

‘काका? तुम्ही इथे?’ दारात मैत्रेयी उभी होती.

‘हे काय चालवलंय तुमी? माझ्या पोरीचं तोंड हितं कशाला?’

ती दचकली, मग तिचा चेहरा उतरला. ‘म्हणजे चंदनानं अजून सांगितलंच नाही तुम्हाला. बसा. मी किती वेळा म्हटलं तिला, अगं घरी सांग.’

मैत्रेयी पुण्यात हॉकी खेळलेली होती. इथे आल्यावर वेळ जाईना म्हणून ती सकाळी कॉलेजच्या मुलींना शिकवायला जायची. चंदना त्या संघाची गोलकीपर होती; गेली दोन वर्षं. बाजारात मिळणारे मुखवटे पुरुषांच्या मापाचे. चंदनाला घातला की तो घसरून डोळ्यांवर यायचा. म्हणून मैत्रेयीने तिच्या तोंडाचा साचा घेतला आणि त्यावर बूच आणि ताग यांचे थर देऊन मुखवटा केला, अगदी तिच्या तोंडाबरहुकूम.

‘तुम्ही गोलात उभं राहू देणार नाही म्हणून तिने माझ्याकडून शपथ घेतली होती. सॉरी, काका. पण आता काळजी नको. तुमचाच ताग आहे.’

वरून विमान गेलं. ते जाईपर्यंत विठोजी टेबलाला धरून उभा राहिला.

‘मुखवटा कुठाय?’

‘तिच्याकडेच. आज मॅच आहे ना, कँटोनमेंटच्या ग्राउंडवर. मी निघालेच होते.’

‘कधी केला तो?’

‘झाले की दोन महिने. का?’

विठोजीने तिचं मनगट धरलं. आजवर त्याने परक्या बाईच्या हाताला कधी हात लावला नव्हता. ‘रिक्षा बघा,’ तो म्हणाला. ‘आधी रिक्षा बघा.’

रिक्षात त्याने सगळं सांगितलं. चिंचेसकट सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो रिक्षावाल्याच्या मानेकडे न बघता बोलत होता. मैत्रेयी ऐकता ऐकता पांढरी पडली. ‘चुना न्यूट्रलाइजच केला नाही,’ ती स्वतःशी म्हणाली. ‘माझ्या कसं लक्षात आलं नाही?’ मग ती त्याच्याकडे वळली. ‘पण का, काका? मी काय केलं होतं तुमचं?’

‘तुमी सांगत नव्हता कशाला पायजे ते. आणि एवढी दुकानं सोडून माझ्याकडंच कशा आलात?’

‘चंदनाने पाठवलं म्हणून! तिनं सांगितलं, माझ्या अप्पांच्या तागासारखा ताग आख्ख्या बंगळुरात नाही. तोंडावर घालायचा तर तोच घालीन म्हणाली.’

मैत्रेयीने पुढे वाकून रिक्षावाल्याला मोडक्या कन्नडमध्ये ‘स्वल्प फास्ट, अण्णा’ म्हटलं.

सामना रंगात आला होता. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळालेला, मुली जागा घेत होत्या, आणि गोलात मधाच्या रंगाचा मुखवटा चढवून कुणीतरी गुडघ्यात वाकून उभं होतं. विठोजी चपला हातात घेऊन धावत सुटला. पंचाने शिट्टी फुंकली, कुणी हात धरला, तो झटकून तो सरळ गोलात शिरला आणि मुलीला पाठीशी घालून उभा राहिला. कॉर्नर घेणारी मुलगी स्टिक उचलून तशीच थांबली. मैदानावर हशा पिकला.

‘अप्पा? तुम्ही काय करताय इथं!’

‘काढ ते. चंदना, काढ आधी.’

त्याने स्वतःच पट्टे ओढून मुखवटा काढला. हातात घेतल्यावर, एवढ्या धांदलीतही, कारागीर म्हणून त्याला त्याचं नवल वाटलं. काय हलका! बुचाचे बारीक ठिपके आणि तागाची वीण रेझिनखाली चमकत होती. मुलीच्या गालाचा चढ जसाच्या तसा होता. इतकी देखणी वस्तू त्याच्या तागातून कधी झाली नव्हती. त्याने तो दोन्ही हातांनी गोलाच्या खांबावर आपटला. काही झालं नाही. लोक आणखी हसले. चंदनाच्या डोळ्यांत पाणी आलं, अपमानाचं. त्याने पुन्हा आपटला, पुन्हा. मग तो मुखवटा भुवईपासून हनुवटीपर्यंत पापडासारखा तडकला आणि तुटलेल्या कडेतून पांढरं पीठ विठोजीच्या पायावर सांडलं.

हसणं थांबलं. मैत्रेयी मागून धापा टाकत आली होती. तिने खाली बसून ते पीठ बोटांवर घेतलं. चंदना एकदा तिच्याकडे, एकदा बापाकडे बघत होती. विठोजीने तिला सांगितलं. सगळ्या मुलींसमोर सांगितलं, कारण बाजूला घेऊन सांगायचं त्याला सुचलंच नाही.

‘तुम्हाला ठाऊक होतं हा असा फुटणार?’

‘तुझ्यासाठी आहे ते ठाऊक नव्हतं, पोरी. देवाशपथ.’

‘दुसऱ्या कुणासाठी असता तर?’

तोवर दुसऱ्या संघाची गोलकीपरही जवळ येऊन उभी राहिली होती. चंदनाच्याच वयाची, दोन वेण्या, नाकावर घाम. ती विठोजीकडे बघत होती. त्याला मान वर करवेना.

त्यानंतर चंदना त्याच्याशी बोलेनाशी झाली. खोटं तीही बोलली होती, पण तो विषय काढायचं धैर्य विठोजीला झालं नाही. रत्नाबाई तेवढं म्हणाली, ‘आमी तुमाला सांगितलं नाही ते चुकलंच. पण तुमाला काही सांगायचं म्हटलं की भ्या वाटतं, काय अर्थ काढाल म्हणून.’ तो दुकानात जाऊन बसायचा आणि कृष्णातचा तो रक्ताळलेला चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे यायचा. माझ्या हातून तेच होणार होतं, असं म्हणून तो एकटाच स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचा.

शेवटी तोच मारतहळ्ळीला गेला, या वेळी पुढच्या दाराने. सोबत ताग, चुना आणि रत्नाबाईकडून उघड मागून घेतलेली चिंच. मैत्रेयीने दार उघडलं, पण ‘या’ म्हणायला तिला वेळ लागला. त्याने निवळी केली, ताग भिजवला, दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन चिंचेच्या कोळात धुतला. मैत्रेयी हाताची घडी घालून सगळं बघत होती.

‘आता असा वाळवायचा. सावलीत,’ तो म्हणाला.

‘हे तरी खरं कशावरून, काका?’

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच ते विठोजीला फार लागलं. काल-परवापर्यंत हा प्रश्न जगाला तो विचारत होता.

‘मुखवटा करा,’ तो म्हणाला. ‘करून ठेवा. चुना लगेच दिसत नाही, म्हणून दिवाळी होऊ द्या. तोवर तुमच्या कुलपात असू दे, मला हात लावू देऊ नका. मग तो मी घालून गोलात उभा राहतो. पायजे तेवढ्या जोरात मारा.’

मैत्रेयीने मुखवटा केला, मोठ्या मापाचा. शेडला कुलूप लावलं आणि किल्ली मात्र तिने चंदनाकडे दिली. चंदना ती दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. घरात जेवायला वाढताना ती वाकली की किल्ली विठोजीच्या ताटासमोर लोंबायची. तो खाली मान घालून जेवायचा. दूध तो आता तसंच प्यायचा; बोट बुडवायची त्याला लाज वाटे.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी तिघं मैदानावर जमली. गवतावर दव होतं. चंदनाने मुखवटा आणला होता. तो तिने स्वतः बापाच्या तोंडाला बांधला आणि पट्टे करकचून ओढले. मुखवट्यात अंधारलं होतं, स्वतःचाच श्वास ऐकू येत होता, आणि रेझिनच्या वासाखाली विठोजीला चिंचेचा भास झाला. तो गोलात जाऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना, म्हणून त्याने ते पाठीमागे बांधले.

‘मी संघातल्या कुणाला तरी बोलावते,’ मैत्रेयी म्हणाली. ‘तू नको, चंदना.’

‘मीच मारणार.’

तिने चेंडू ठेवला. भोकांतून विठोजीला ती लांब आणि लहान दिसत होती. मारताना ती थबकेल असं त्याला वाटलं होतं. खरं सांगायचं तर तशी त्याची आशा होती. ती थबकली नाही. स्टिक मागे गेली, पुढे आली, आणि कपाळावर हातोडा बसावा तसा आवाज झाला. विठोजी मागे जाळीत जाऊन बसला. क्षणभर सगळं पांढरं झालं.

मुखवटा शाबूत होता.

चंदना पळत आली. तिने गुडघ्यावर बसून पट्टे सोडले, मुखवटा त्याच्या तोंडावरून काढला आणि उन्हाकडे धरला. आतून बघितला, बाहेरून बघितला, कपाळाच्या जागी नखाने खरवडलं, कडेचा एक धागा ओढून पाहिला. धागा तुटला नाही. विठोजी जाळीत तसाच बसून तिच्याकडे बघत होता. त्याला वाईट वाटत होतं, पण राग येत नव्हता. तिने असंच करायला हवं होतं. मुखवटा मैत्रेयीच्या हातात दिल्यावर मग ती त्याच्याकडे वळली.

‘लागलं का, अप्पा?’

‘नाही, पोरी. काही लागलं नाही.’

तो खरं बोलतोय का, हे ठरवायला चंदना त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.